एक्झॉस्ट प्लूमला काय म्हणायचं: झोत, लोट की पिसारा?

जेट इंजिनावरचा एक मजकूर मराठीत करतेय आणि 'एक्झॉस्ट प्लूम'पाशी, म्हणजे इंजिनातून मागे बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या प्रवाहापाशी, गाडी अडलीय. आधी 'धुराचा लोट' लिहिलं, पण तो गरम वायू बहुतेकदा दिसतच नाही, धूर कुठला? एकाने 'निष्कास-पिच्छ' सुचवलं, ते वाचून पिच्छा पुरवणंच आठवलं 😀 आणि नोझलला, म्हणजे हा वायू जिथून बाहेर पडतो त्या इंजिनाच्या तोंडाला, तोटी चालेल का?

—

झोत म्हणा की सरळ! प्रकाशझोत, झोतभट्टी, सगळीकडे जोर आणि दिशा दोन्ही आहेत. लोट म्हणजे गुरफटत पसरणारं काहीतरी, धुळीचे लोट वगैरे.

—

मला तर दोन्ही लागतील असं वाटतं, म्हणजे नोझलमधून निघतो तो झोत, मग तो आजूबाजूची हवा ओढून घेत फुगतो, मंदावतो आणि शेवटी त्याचा लोट होतो. आता झोत किती लांबवर झोत राहणार हे बऱ्यापैकी नोझलच्या हातात. बोइंग ७८७ च्या इंजिनाची मागची कड बघा, करवतीसारखी दातेरी आहे. त्या दात्यांमुळे कडेला बारीक भोवरे उठतात, झोत बाहेरच्या हवेत लवकर मिसळतो आणि आवाज उतरतो. लाइटहिल या गणितज्ञाने १९५२ मध्ये मांडलं होतं की झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते, म्हणजे वेग जरासा कमी झाला तरी केवढा फरक!

—

तोटीला माझा विरोध. तोटी म्हटलं की निमुळतं तोंड डोळ्यासमोर येतं. प्रवासी विमानाला चालून जाईल, पण झोत ध्वनीपेक्षा वेगवान हवा असेल तर नुसतं आवळून भागत नाही, सगळ्यात अरुंद जागी ध्वनीचा वेग गाठला की पुढे नळी रुंद करावी लागते. थोडक्यात डमरू. स्वीडनच्या द लाव्हाल या अभियंत्याने हे वाफेच्या टर्बाइनसाठी केलं होतं. पाइपच्या तोंडावर बोट ठेवायचं उदाहरण देऊ नका, इथे ते उलटं पडतं.

—

अहो पण पिसारा का नको? प्लूमचा मूळ अर्थ पीसच ना. रॉकेट वर चढतं तसा बाहेरचा दाब घटतो आणि झोत अक्षरशः पिसाऱ्यासारखा फुलतो. उलट जमिनीवर तेच नोझल जास्त रुंद ठरलं तर बाहेरची हवा झोताला आवळते. लढाऊ विमानाच्या आफ्टरबर्नरमागे (जादा जोरासाठी झोतात पुन्हा इंधन जाळतात तो भाग) उजळ ठिपक्यांची माळ दिसते ती याच दाबाच्या ओढाताणीतून, झोत आकसतो, फुगतो, परत आकसतो. या ठिपक्यांना, म्हणजे 'शॉक डायमंड'ला, मी तरी 'मणी' म्हणेन.

—

मणी झकास! (विमानामागची पांढरी रेघ मात्र यात धरू नका, ते गोठलेलं बाष्प.)

—

ठरलं मग, नोझल नोझलच, विमानाला झोत, उंचावरच्या रॉकेटला पिसारा. आता 'अंडरएक्स्पांडेड' राहिलं.

—

'अपुरा फुललेला झोत'. नोझलमध्ये पुरता फुलला नाही, म्हणून बाहेर पडल्यावर फुलतो.

—

फुग्याचं वर्णन वाटतंय, पण अर्थ चोख बसतोय. घेते.