चवथीला केलेला संकल्प दिवाळीपर्यंतही टिकत नाही

डिचोलीचा प्रवासी
नमस्कार. मी त्रेचाळीस वर्षांचा असून नोकरीसाठी डिचोलीहून पणजीला रोज कदंबच्या बसने ये-जा करतो. दरवर्षी चवथीच्या आरतीला माझा पुतण्या पेटी वाजवतो आणि मी टाळ घेऊन मागे उभा असतो. त्याच रात्री मी ठरवतो की पुढच्या चवथीपर्यंत पेटी शिकायची, पहाटे चालायला जायचे आणि चहातली साखर सोडायची. तिन्ही गोष्टी एकदम सुरू होतात आणि एकेक करून सुटतात. एकवीस दिवसांत सवय लागते असे ऐकून यंदा नेटाने तेवढे दिवस काढले, पण बाविसाव्या दिवशी ताप आला आणि सगळेच थांबले. माझ्यात चिकाटी कमी आहे, की ठरवण्याची रीतच चुकते?

फोंड्याचे निवृत्त शिक्षक
एकवीसचा आकडा आधी मनातून काढा. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिले होते की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ सांगोवांगीत गळून गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नव्या सवयी बारा आठवडे पाहिल्या. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगात मुरण्याचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही. तुमचा तापातला खंड सहज भरून निघाला असता; ताप उतरल्यावर पुन्हा कधी बसायचे, हे ठरलेले नव्हते.

पेडण्याची वाचक
दादा, पेटी ठेवता कुठे? आमच्याकडे चवथ सरली की ती जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर चढत असे, आणि स्टूल आणेपर्यंत उत्साह मावळत असे. आता ती देवघरापाशी पाटावर असते आणि तिन्हीसांजेला दिवा लावला की मी तिथेच दहा मिनिटे बसते. ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे आधीच बांधून ठेवले तर संकल्प पार पडण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडले आहे. साखरेला वेळ लागत नाही, ती आजच सोडा. चालणे आणि पेटी मात्र एकाच दिवसातून वेळ मागतात, तेव्हा तूर्त एकच निवडा.

म्हापशाचा भजनी
ताईंचे पटते, पण एकट्याने वाजवताना स्वतःची चूक कळत नाही, आणि ज्या कामाची कुणी वाट पाहत नाही ते पुढे ढकलणे फार सोपे असते. गावच्या देवळात साप्ताहिक भजन होत असेल तर तिथे टाळ घेऊनच बसा आणि पेटीवाल्या बुवांना सांगून ठेवा की गणपतीची एकच आरती शिकायची आहे. ‘पेटी शिकायची’ या ध्येयाला काठच नाही. एक आरती, पुतण्याच्या शेजारी बसून, न अडखळता, एवढे म्हटले की झाले की नाही ते चवथीला कळेल. आणखी एक विचारतो, राग मानू नका: पहाटेचे चालणे तुम्हाला स्वतःला हवे आहे का?

डिचोलीचा प्रवासी
आपण नेमके बोट ठेवलेत. चालणे शेजाऱ्यांचे पाहून यादीत आले होते. ते सध्या बाजूला ठेवतो आणि संध्याकाळी एक थांबा आधी उतरतो. साखर कालपासून बंद आहे. पेटी आज कपाटावरून खाली काढली, तेव्हा चादरीच्या घडीत माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीची, एक सुकलेली सुपारी सापडली. पावसाच्या दमटपणाने मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या चिकटल्या आहेत. डिचोली किंवा साखळी भागात पेटी दुरुस्त करणारे कुणी माहीत असल्यास कृपया कळवावे.