मंडपात बाईचाच माईक का बंद होतो?

चाळकरीण (धागाकर्ती)
गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीच्या सातव्या दिवशी करमणुकीचे कार्यक्रम असतात. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने पेटीवर स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. लग्नाआधी मनात भरलेल्या पुरुषाचं गाणं. त्यात अंगाची ओढ होती, पण अपशब्द एकही नव्हता. दुसरं कडवं लागलं आणि माईक बंद झाला. ती गात राहिली. पुढच्या दोन रांगांना ऐकू येत होतं, मागे नुसते ओठ हलताना दिसत होते. अर्ध्या तासापूर्वी त्याच मंडपात चार बाप्ये कमरेला टॉवेल गुंडाळून द्व्यर्थी गाण्यावर नाचले, तेव्हा वन्समोअर मिळाला होता.

सुलोचना चव्हाण याच गिरगावच्या, जन्म १९३३ चा. उभ्या महाराष्ट्राने त्यांच्या गळ्यातून शृंगारिक लावणी ऐकली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांचं कौतुक करणारा हटकून पुढे म्हणतो, "डोक्यावरचा पदर मात्र कधी ढळला नाही हो!" शाहिराच्या पागोट्याचं असं कौतुक कुणी ऐकलंय? गाण्यातली वासना लोकांना चालते, ती गाणारीची स्वतःची निघाली की चालत नाही. मला याची मनापासून चीड येते.

विजयकाका, दादर
माईक बंद करणं चूकच. पण मंडपात पाच-सहा वर्षांची पोरं बसलेली असतात. माझं म्हणणं, त्या बाप्यांचा नाचही थांबवायला हवा होता. बरोबरी म्हणजे दोघांना मोकळं सोडायचं असंच का? दोघांना आवर घातला तरी बरोबरीच झाली. आणि सुलोचनाबाईंचा पदर त्यांचा स्वतःचा होता. शब्द कितीही रंगेल असले तरी गाणारी कुणाची मिंधी नाही, हे त्यांनी त्या पदरानेच दाखवलं. त्यांना बिचारी करू नका.

लालबागचा
माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटली की लावणी बघायला हनुमान थिएटरला जायचे. लावणीवर माझंही प्रेम आहे, पण तिला बाईचं बंड म्हणायला मी तयार नाही. लिहिली कुणी? राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव या शाहिरांनी. तोंड बाईचं, कल्पना पुरुषाची. बाईचं स्वतःचं बोलणं ऐकायचं तर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या अभ्यासकांनी अशा लाखावर ओव्या गोळा करवल्या. सवतीचा जाच, नवऱ्याचं बाहेर जाणं, बाईवर उगाच घेतलेला आळ, सगळं बायकांच्याच शब्दांत आहे.

संगीतबारीतली भाची
दादा, शब्द पुरुषाचे होते, कबूल. पण बैठकीची लावणी तुम्ही जवळून पाहिलीत का? माझी मावशी संगीतबारीत, म्हणजे लावणी सादर करणाऱ्या बायकांच्या फडात होती. एकच ओळ आठ-दहा वेळा घोळायची, दर वेळी अर्थ वेगळा. 'राया' म्हणून थांबायची आणि समोरच्या बड्या असामीकडे एकटक बघायची. शेवटी तोच नजर खाली घालून पानाचा डबा चाचपायचा. तो थांबा कुठल्या शाहिराने लिहिला होता?
आणि दुटप्पीपणा काय असतो ते आमच्या घरात बघा. रात्री दौलतजादा करणाऱ्याच्या, म्हणजे लावणीवर पैसे उधळणाऱ्याच्या वाड्यात मावशीला हळदीकुंकवाचं बोलावणं कधी आलं नाही. तिच्या मुलाच्या नावापुढे शाळेत बापाच्या जागी आईचं नाव लागलं, त्यावरून पोराला मार खावा लागला. बाप मात्र गावात मानाने फिरत होता.

चाळकरीण
ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.
लालबागचे दादा, जात्यापाशी ऐकायला पुरुष नसायचा, म्हणून त्या ओव्या खपल्या. माईक लावून म्हटल्या असत्या तर?
याच राज्यात २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. विजयकाका, आवर घालायला निघालं की तो आधी कुणाच्या वाट्याला येतो ते यावरून दिसतं.
पदराचंच म्हणाल तर आमच्या जनाबाईने केव्हाच सांगितलंय, डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन.

विजयकाका, दादर
जनाबाईला यात ओढू नका. ती विठ्ठलासाठी घर सोडायला निघाली होती. ती भक्ती आहे, अंगाची ओढ नव्हे.

चाळकरीण
त्याच अभंगात ती देवाला म्हणते, मी येसवा झाले. येसवा म्हणजे वेश्या, काका. पदर सुटलेल्या बाईला लोक काय म्हणतात ते तिला नीट माहीत होतं. तोच शब्द तिने स्वतः उचलला आणि विठ्ठलासमोर ठेवला. ती भक्ती आहे म्हणून त्या शब्दाची धार कमी होते, असं मला वाटत नाही.

त्या मुलीच्या आईने आठ दिवस जिन्यात कुणाशी नजर मिळवली नाही. मुलगी म्हणते, येत्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर पूर्ण गाणं म्हणणार, पेटीवरच, माईक नको. तुम्ही या.

विजयकाका, दादर
येईन. गाणं शेवटपर्यंत ऐकेन. मंडपाबद्दलचं माझं मत मात्र बदलेल असं धरून चालू नका.