मदत हवी आहे: मों-सां-मिशेल आणि सां-मालो, पॅरिसहून एका दिवसात जमेल का? (सोबत आई-बाबा)

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी. आई-बाबा सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे पॅरिसला येतायत. बाबा मूळचे अलिबागचे, लहानपणी ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचे. समुद्रात किल्ला म्हटलं की त्यांना आयफेल टॉवर वगैरे काही नको. मीच फोनवर मों-सां-मिशेलचा फोटो दाखवला आणि आता रोज विचारतात, "त्या बेटावर कधी जायचं?"

एका बस टूरमध्ये मों-सां-मिशेलचा मठ आणि सां-मालोचं तटबंदीचं बंदर, दोन्ही एका दिवसात दाखवतात असं दिसतंय. सकाळी सहाला निघून रात्री अकराला परत. बाबा ७१, ठणठणीत. आई ६७, तिचा उजवा गुडघा कुरकुरतो, जिने उतरताना जास्त. शाकाहारी, अंडं चालतं.

१. एका दिवसात दोन्ही शहाणपणाचं आहे का?
२. आईला मठ झेपेल का? लिफ्ट वगैरे?
३. फोटोत बेटाभोवती पाणी असतं तसं बघायचं तर कधी जायचं? मैत्रीण ऑगस्टमध्ये गेली होती, तिला फक्त चिखल दिसला.

डबा_घेतला_का

नाही, नाही आणि तिसऱ्याचं माहीत नाही. :)

पॅरिसहून साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. बसने जाताना चार-साडेचार तास, येताना तेवढेच. मध्ये मठ, मध्ये सां-मालो, आणि मधल्या मधे आईंचा गुडघा. आम्ही अशीच टूर घेतली होती. सां-मालोला तासभर मिळाला, त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली.

मठात लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या होतात. शिवाय गाड्या अडीच किलोमीटर अलीकडेच थांबवतात. तिथून फुकट शटल आहे, पण तीही वेशीच्या थोडी अलीकडे सोडते. पुढे गावातली एकुलती एक मुख्य गल्ली, तीही चढाची, गुळगुळीत दगडांची. पाऊस असेल तर काठी हवीच.

रेनकर

मी तिथून जवळच्या रेन शहरात सात वर्षं आहे, पाहुणे आले की हीच वारी. मठ चुकवू नका एवढंच म्हणेन. चढताना दर वळणावर टेकायला जागा आहे. १४२१ मध्ये जुन्या चर्चचा गर्भगृहाकडचा भाग कोसळला, तो नंतर उशिराच्या गॉथिक शैलीत बांधला. त्यामुळे अर्धं चर्च जाड, बुटकं, काळोखं आणि पुढचा अर्धा भाग एकदम उंच, उजेडाचा. ती सीमारेषा उभं राहून बघण्यासारखी आहे. आत एक भलंमोठं लाकडी चाक आहे. क्रांतीनंतर १८६३ पर्यंत मठाचा तुरुंग होता, तेव्हा कैदी त्या चाकात उंदरासारखे चालायचे आणि खालून उतारावरून सामान वर ओढलं जायचं. माझा भाचा तिथून हलेना.

आईंना नकोच वाटलं तर कुएनों नदीवरच्या धरणाच्या पुलावर बसवा. सपाट, बाकं आहेत, आणि बेटाचा सगळ्यात सुंदर देखावा तिथूनच. वर गेलेल्यांना तो दिसत नाही!

पाऊणपट

तिसऱ्या प्रश्नाला खरं तर पहिला नंबर द्यायला हवा. तुमच्या मैत्रिणीचं काही चुकलं नाही, ती दुपारी गेली असणार.

बाबांना आपल्याकडचा हिशेब माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला, म्हणून मुंबईत पावसाळ्यातली मोठी उधाणं भर दुपारची. सां-मालोच्या किनाऱ्यावर हाच हिशेब चालतो, पण सप्टेंबरमधल्या घड्याळाने त्यात साधारण आठ तास मिळवायचे. म्हणजे तिथे उधाणाची भरती सकाळी आठ-नऊला आणि रात्री आठ-नऊला. ओहोटी दुपारी दोन-तीनला. दुपारी जी भरती येते ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, आणि ती बेटापर्यंत पोचतच नाही. थोडक्यात, दिवसाच्या टूरवाल्यांना पाण्यातलं बेट दिसणं जवळजवळ अशक्य.

फ्रेंच तक्त्यात प्रत्येक भरतीला २० ते १२० असा आकडा देतात. ११० च्या वर गेला की बेट खरोखरीचं बेट होतं. असे आकडे मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवाच्या आसपास, आणि पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. पक्की वेळ तक्त्यातच बघा, माझा पाऊणपट फक्त दिवस ठरवण्यापुरता. इथे भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो. अलिबागला किती, बाबांना विचारा आणि त्यांचा चेहरा बघा.

खिडकीतली_तुळस

बाप रे! बाबांना वाचून दाखवलं. फोनवर एक मिनिट शांतता. मग, "चौदा मीटर? म्हणजे चार मजले की गं." आणि तुमच्या आयडीवर बेहद्द खूश आहेत.

पण मग दोन्ही कसं जमवायचं? आई-बाबांना एक रात्र बाहेर चालेल.

रेनकर

एक रात्र चालत असेल तर प्रश्न मिटला. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून थेट गाडी धरून सकाळी सां-मालो, अडीच तासांच्या आत-बाहेर. दुपारी ओहोटी असताना ग्रां-बे बेटावर चालत जा, अगदी कुलाब्यासारखं. लेखक शातोब्रियांची समाधी आहे तिथे, वर नाव नाही, फक्त क्रूस. मग तटावरून फेरी. एकदा वर चढलं की बहुतेक सपाट, पावणेदोन किलोमीटर. रात्री भिंतींवर आदळणारं पाणी बघा. दुसऱ्या दिवशी मों-सां-मिशेल, संध्याकाळचं पाणी बघूनच निघायचं. सां-मालोहून तिकडे बस आहे पण फेऱ्या मोजक्याच, चौघांना गाडी भाड्याने घेणं बरं. तासाभराचा रस्ता.

डबा_घेतला_का

ग्रां-बेवर घड्याळ लावून जा!! मी समाधीपाशी निवांत सँडविच खात बसलो, मागे वळून बघतो तर दगडी वाट गायब. पाणी घोट्यापर्यंतच वाटतं पण ओढ भयंकर. पाटीवर लिहिलेलं असतं की अडकलात तर वरच थांबा. थांबलो. पाच तास आणि काही मिनिटं. बायको समोरच्या तटावरून हात हलवत होती, आधी काळजीने, नंतर आइस्क्रीम खात.

आणि मों-सां-मिशेलच्या वाळूत वाटाड्याशिवाय उतरू नका. रुतते.

ओली_भेळ

खाण्याचं: तिकडे गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं घावन. "काँप्लेत" मागवलंत तर हॅम येणार. "सां जांबों" म्हणा, म्हणजे हॅमशिवाय, अंडं-चीज राहतं. मशरूमचंही असतं. बेटावरचं प्रसिद्ध फुगीर ऑम्लेट बाहेरून बघा, किंमत वाचा, पुढे चला.

बाबांसाठी अजून एक. सां-मालोच्या तटावर सुरकूफचा पुतळा आहे, समुद्राकडे बोट दाखवणारा. याने १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' जहाज पकडलं. सुरकूफसारखे खलाशी राजाचा किंवा सरकारचा परवाना घेऊन शत्रूची जहाजं धरायचे. इंग्रजांच्या लेखी लुटारू, गावात पुतळे. अलिबागच्या माणसाला कान्होजी आंग्रे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बुर्दोनेही याच गावचा.

तट जुने आहेत, पण आतलं गाव ऑगस्ट १९४४ च्या लढाईत बहुतेक सगळं जळलं. आता दिसतं ते नंतर दगड लावून पुन्हा उभं केलेलं. मला आधी कळलंच नव्हतं, आणि कळल्यावर गाव जास्त आवडलं.

खिडकीतली_तुळस

सगळ्यांचे खूप आभार! काल घरी चर्चा झाली. बाबांनी कालनिर्णय काढून पौर्णिमेलाच निघायचं जाहीर केलं. आई म्हणाली, आपल्याकडे दहा दिवसांचा गणपती, चतुर्दशीला विसर्जन, लगेच दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गाडी धरायची नाही, घर आवरायचं असतं. एक दिवस जाऊ दे.

मी घाबरत बाबांकडे बघितलं. त्यांनी पाऊणपटांचा प्रतिसाद परत वाचला, "एक-दोन दिवसांनी" या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिचंच बरोबर आहे."

प्रतिपदेची तिकिटं काढली. रात्रीची भरती पावणेनऊच्या आसपास येते का तेवढं कोणी तक्त्यात बघून सांगाल? बाबांनी उत्तर आधीच कागदावर लिहून ठेवलंय, त्यांना ताडून बघायचंय.