मदत हवी आहे: बाबांच्या ब्लड कल्चरमधे क्लेब्सिएला, जवळपास सगळी औषधं 'आर'

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, समजून घ्या. बाबा (वय ६८) नाशिकला आयसीयूत आहेत. आतड्याला भोक पडलं म्हणून इमर्जन्सी ऑपरेशन झालं, ते नीट झालं, व्हेंटिलेटर निघाला, बाबा बोलायला लागले, आता वॉर्डात आणतील असं वाटत असतानाच एकदम हुडहुडी भरून ताप आला आणि बीपी इतकं खाली गेलं की परत बीपी वाढवायचं औषध लावावं लागलं. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहे का ते वाढवून बघायची टेस्ट) पाठवलं तर आधी नुसतं ग्रॅम निगेटिव्ह गटातला जंतू दिसतोय एवढंच कळलं, पूर्ण रिपोर्ट आज हातात आला.

जंतूचं नाव क्लेब्सिएला न्यूमोनिए. खाली औषधांची यादी आणि पुढे आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, ते औषध त्याच्यावर चालत नाही. सेफ्ट्रायॅक्सोन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन, सिप्रो, आणि मेरोपेनेमसुद्धा, जे त्यांना आधीपासून चालूच होतं. एकट्या कोलिस्टिनपुढे 'आय' (इंटरमीजिएट, मधलं) आहे. डॉक्टर चांगले आहेत पण एका वेळी पाच मिनिटंच भेटतात. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अझ्ट्रिओनॅम अशी दोन इंजेक्शनं एकत्र द्यायची म्हणाले. महाग आहेत, पण पैशाचं बघू आम्ही. मला कळत नाहीये ते असं की रिपोर्टमधे ही दोन्ही पण आरच आहेत, मग तीच का देतायत? कोलिस्टिन का नाही? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) २.१ झालंय, म्हणजे वाढलंय. भाऊ म्हणतो मुंबईला हलवू. आणि आई रोज जाऊन बाबांचा हात धरून बसते, तिला शुगर आहे, तिला काही होईल का? ती थांबायला तयार नाही आणि मलाही तिला थांबवायची इच्छा नाही. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमधे काम करते. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते.

मेरोपेनेम आर येतं तेव्हा आपल्याकडे बहुतेक वेळा त्या जंतूकडे एनडीएम नाहीतर ऑक्सा-४८ नावाचं, औषध तोडून निकामी करणारं एन्झाइम असतं, कधीकधी दोन्ही. एनडीएममधली पहिली दोन अक्षरं नवी दिल्लीची, २००८ मधे दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या पेशंटमधे ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. हे एनडीएम मेरोपेनेम तोडतं, सेफ्टाझिडिम तोडतं, पण अझ्ट्रिओनॅम त्याला तोडता येत नाही. अडचण अशी की त्याच जंतूकडे दुसरी एन्झाइम्स असतात, ती अझ्ट्रिओनॅम तोडतात. अविबॅक्टम ह्या दुसऱ्यांना अडवतं, एनडीएमला अडवू शकत नाही. म्हणून वेगवेगळं तपासलं की दोन्ही आर, पण एकत्र दिलं की काम होऊ शकतं. तुमचे डॉक्टर विचार करूनच देतायत. फक्त दोन्ही एकाच वेळी जायला हवीत, सकाळी एक आणि दुपारी दुसरं असं नको, हे सिस्टरांना जरूर विचारा.

दोन गोष्टी लॅबला विचारता येतील. एक, दोन्ही औषधं एकत्र लावून सिनर्जी टेस्ट करता का. दुसरं, जंतूकडे ह्यातलं कुठलं एन्झाइम आहे ते सांगणारी जीन टेस्ट झाली का, मशीन असेल तर तासाभरात कळतं. नुसतं ऑक्सा-४८ निघालं तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एकटंही पुरू शकतं आणि एका औषधाचा खर्च वाचतो.

कोलिस्टिनच्या 'आय'ला घाबरू नका. आपल्या बऱ्याच लॅब जे अमेरिकन मानक वापरतात त्यात २०२० पासून कोलिस्टिनला 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) देतच नाहीत, आय किंवा आर एवढंच. जुनं औषध आहे ते, किडनीला त्रास देतं म्हणून १९७० च्या दशकात मागे पडलं होतं आणि दुसरं काही चालेना म्हणून परत आलं. क्रिएटिनिन २.१ असताना ते टाळतायत हे मला बरोबर वाटतं.

पण नुसत्या औषधाने भागत नाही हो. जंतू रक्तात आला कुठून हे शोधायलाच लागतं. मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) जुनी आहे का, बदलली का? पोटात कुठे पू साठलाय का, सीटी केला का? पू आत राहिला तर कितीही भारी औषध द्या, ताप परत येतो. उद्याच्या पाच मिनिटांत आधी हेच विचारा.

आईंना जाऊ दे. हा जंतू मुख्यतः हातांवरून पसरतो, हात धरून बसल्याने धडधाकट माणूस सहसा आजारी पडत नाही, शुगर असली तरी. आत जाताना आणि बाहेर येताना हात नीट धुवायचे, लाइनला आणि लघवीच्या नळीला हात लावायचा नाही, शेजारच्या पेशंटपाशी जायचं नाही.

प्रतिसाद २
सासूबाईंना असंच झालं होतं, त्या बऱ्या होऊन घरी आल्या, धीर सोडू नका. हलवायचं म्हणाल तर बीपीचं औषध चालू असताना अँब्युलन्सचा एवढा प्रवास जोखमीचा असतो. आम्ही पुण्याच्या इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टना रिपोर्ट पाठवून आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं, ते खूप उपयोगी पडलं. तिथे सीटी, डायलिसिस, सर्जन नसतील तरच हलवायचा विचार करा. आणि डिस्चार्ज कार्डवर ह्या जंतूचं नाव लिहून घ्या, पुढे कुठेही अ‍ॅडमिट करताना पहिल्यांदा ते दाखवायचं.

धागाकर्ती
दोघींचे खूप खूप आभार. विचारलं सगळं. लाइन बदलली. सीटीत लिव्हरखाली पू दिसलाय, उद्या सोनोग्राफीत बघून नळी घालून काढणारेत. दोन्ही इंजेक्शनं एकाच वेळी लावतायत, सिस्टरनी चार्ट दाखवला. भावाने मुंबईचं तूर्त थांबवलंय. तो पू पण कल्चरला पाठवा असं सांगू का?

प्रतिसाद १
हो, नक्की सांगा. आणि ब्लड कल्चरही परत एकदा पाठवायला सांगा, रक्त साफ झालं की नाही ते त्यावरूनच कळेल.