भाडेकरू असलेलं घर घ्यावं का? (शहापूर, बेळगाव)

शहापूरकर: मंडळी, शहापुरात एक जुनं माडीचं घर विकायला आहे. भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी, कारण माडीवर एक कुटुंब कैक वर्षांपासून 900 रुपये भाड्यानं राहतंय आणि खाली रस्त्याला लागून शिंप्याचं दुकान आहे, 10 बाय 12 फुटांची खोली. आम्हाला राहायलाच हवंय, आई-बाबांना गावाकडून आणायचंय. मालक म्हणतात, खरेदी करून घ्या, भाडेकरू आपोआप निघतील. कोल्हापूरचे पाहुणे वेगळंच सांगतात. कुणाला अनुभव?

कोर्टकचेरी: आपोआप कुणी निघत नाही! खरेदीपत्र झालं की तुम्ही जुन्या मालकाच्या जागी येता, भाडेकरू आहे तिथंच राहतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 109 बघा. पाहुणे महाराष्ट्राचा कायदा सांगत असणार. दोन्हीकडच्या भाडे कायद्यांच्या नावात 1999 आहे, त्यामुळे घोळ होतो.

कर्नाटकात महिन्याचं भाडं ठरावीक मर्यादेच्या वर (ठिकाणाप्रमाणे 3,500 किंवा 2,000) असेल तर भाडे कायदा लागत नाही. मग मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 106 ची 15 दिवसांची नोटीस द्यायची आणि दिवाणी दावा टाकायचा. तुमची माडी 900 रुपये भाड्याची, म्हणजे भाडेकरू भाडे कायद्याच्या पूर्ण संरक्षणात. दुकान 14 चौरस मीटरच्या वर असतं तर ते या कायद्यातून सुटलं असतं, पण 10 बाय 12 म्हणजे जेमतेम 11. माडी आणि दुकान दोन्हींसाठी कर्नाटक भाडे कायद्याच्या कलम 27 खाली स्वतःची गरज दाखवून कोर्टात जावं लागणार. बेळगावात तुमचं दुसरं रिकामं घर असेल तर समोरचा वकील पहिलं तेच काढेल. आणि आई-बाबांचं कारण माडीला चालेल, शिंप्याच्या खोलीला कसं चालवणार? खरेदीनंतर किती दिवसांनी असा अर्ज करता येतो, हेही वकिलाला आधीच विचारा. वकील भाड्याचे दावे चालवणारा बघा, नुसता खरेदीपत्रं लिहिणारा नको.

अनगोळकर: खरं काम संचकारपत्रातच (संचकार म्हणजे इसार देऊन खरेदीआधी करतात तो करार) करून घ्या. रिकामा ताबा विकणाऱ्यानं द्यायचा, तोपर्यंत मोठी रक्कम तुमच्याकडंच राहणार, असं स्पष्ट लिहा. भाडेकरूला काही द्यायचं ठरलं तर ते मालकानं द्यावं आणि जागा सोडल्याचा कागद तुमच्या हातात यावा. आणखी एक, कुणी 'लीज'वर तर नाही ना? एकरकमी पैसे घेऊन बिनभाड्यानं ठेवलेलं असतं, कागद साध्या स्टॅम्पवर, ईसीत (मालमत्तेवरचे नोंदणीकृत व्यवहार, बोजे दाखवणारा दाखला) त्याचा पत्ता नसतो. ती रक्कम नंतर तुमच्याकडं मागतील. माडीवर जाऊन स्वतः विचारा, लाईट बिल कुणाच्या नावावर आहे तेही बघून या.

खानापूरवाला: एवढं कशाला? नळ तोडा, कुलूप घाला, आठवड्यात जातील.

कोर्टकचेरी: असलं काही करू नका ओ. जबरदस्तीनं बाहेर काढलेला माणूस विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवतो. त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं, हे कोर्ट बघतच नाही.

शहापूरकर: मालकांशी बोललो. शिंप्याचं ते बघतो म्हणाले, माडीचं तुम्ही बघा.

अनगोळकर: मग दुकान रिकामं झाल्याशिवाय संचकार देऊ नका, आणि माडीसाठी भाव आणखी पाडा. प्रकरण हायकोर्टात गेलं तर धारवाड खंडपीठ जवळ आहे, बंगळूर गाठावं लागत नाही. पण वर्षं जातात की. तोवर आई-बाबांना कुठं ठेवणार, त्याचं भाडंही हिशेबात धरा.