जुनी बेस गिटार: साडेतीन हजारांत वाजती होईल का?

मंद्र_सप्तक

चार तारांची जुनी बेस गिटार घेतली आहे. फेंडरच्या जॅझ बेसच्या धाटणीची, ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), २० फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पॅसिव्ह म्हणजे बॅटरी नसलेली. दोन व्हॉल्यूम, एक टोन. एका ऑर्केस्ट्राच्या सामानात बरीच वर्षं पडून होती म्हणे. अवस्था अशी:

– नेकला (दांडीला) पुढे बाक. बाराव्या फ्रेटवर तारा ५ मिमी वर. 'ई'ची तार नाहीच, बाकीच्या तिन्ही गंजक्या.
– नेककडचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक-वेटोळं) मुका. ब्रिजकडचा वाजतो, पण व्हॉल्यूम फिरवला की खरखर. जॅक हलवला की आवाज जातो-येतो.
– नेकच्या चार स्क्रूंपैकी एकाचे आटे गेलेत, नुसता फिरतो.
– ब्रिजवरच्या सॅडलचे (तारा टेकतात त्या तुकड्यांचे) बारीक स्क्रू गंजून जाम.
– बॉडीवर दोन-तीन टवके उडालेत.

साडेतीन हजार रुपये हातात आहेत, तारांचा सेट त्यातच बसवायचाय. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू? बॉडी घासून पुन्हा रंगवावी असंही मनात आहे.

सुतारपक्षी

रंगाचं आधी डोक्यातून काढा. या गिटारींवर पॉलिएस्टरचा जाड थर असतो, तो घासून काढण्यात आठवडा जातो, धूळ छातीत जाते आणि आवाजात काडीचा फरक पडत नाही. टवक्यांच्या कडा अजून निघत असतील तर पातळ फेविक्विकचा एक-एक थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, मग ८००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर. विषय संपला.

सगळा खेळ नेकचा आहे. तो ठीक निघेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. हीलच्या (नेकच्या बॉडीकडच्या टोकाच्या) बाजूने एक डोळा मिटून हेडस्टॉककडे (खुंट्यांकडे) बघा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. तिरके दिसले तर नेकला पीळ पडलाय, आणि पीळ ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक काढायच्या सळईने) जात नाही. तसं असेल तर इथेच थांबा, कारण चांगला नेक तुमच्या बजेटमध्ये येत नाही.

नुसता बाक असेल तर घाबरायचं कारण नाही. फक्त तीन तारांवर मोजलेला बाक खरा धरू नका. ४५-१०५ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेटचा चारही तारा मिळून ताण ७५ ते ८० किलोच्या घरात जातो, त्यातली एक तार नाही म्हणजे पावएक ताण कमी. कोणा बेसवाल्याकडून टाकून दिलेली 'ई' मागून आणा, ती लावा, सुरात आणा आणि मग मोजा. नवा सेट सगळ्यात शेवटी. सगळी ठोकाठोक जुन्या तारांवरच होऊ द्या.

मोजायची रीत: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर तार बोटाने दाबलेली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतची फट ०.३ मिमीच्या आसपास हवी. टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये टॅपेट लावायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच) असतो, तोच इथे चालतो.

रॉड फिरवताना:

आधी तारा सैल करा. ॲलन की ४ किंवा ५ मिमीची लागते, काही गिटारींना ३/१६ इंची. घट्ट बसेल तीच वापरा. ढिली की घातली की सहा कोपऱ्यांचं गोल भोक होतं, आणि मग रॉडच्या टोकाचा तो नट बाहेर काढणं हा वेगळाच उद्योग. नटाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पुढचा बाक कमी होतो. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात आणा, काही तास थांबा, मग मोजा. लाकूड सावकाश हलतं. फार घट्ट लागलं तर ताकद लावू नका. नट काढून आट्यांना तेलाचा थेंब द्या. आटे संपत आले असतील तर नटाखाली एक वॉशर घाला. तरीही जड जात असेल तर नेक क्लॅम्पने हलकेच मागे दाबून धरा आणि मग नट आवळा, म्हणजे वाकवायचं काम क्लॅम्प करतो, रॉड फक्त धरून ठेवतो. नट कितीही फिरवा, काहीच जाणवत नसेल, तर रॉड तुटलाय.

डाख_आणि_तार

वरच्याला +१. इलेक्ट्रिकचं मी सांगतो.

मुका पिकअप मेलाय असं धरून चालू नका. ॲम्प हळू आवाजात ठेवून त्या पिकअपचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या चुंबकांवर अलगद टेकवा. 'टक' ऐकू आलं तर पिकअप जिवंत आहे, तार किंवा डाख सुटलाय. काहीच नाही आलं तर पिकअपची गरम (सिग्नलची) वायर पॉटवरून (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरवरून) सोडवा आणि दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. पॉटला जोडलेल्या अवस्थेत मोजू नका, पॉट मध्ये येतो आणि आकडा फसवा मिळतो. जॅझ धाटणीच्या पिकअपला साधारण ७ ते ८ किलोओहम यायला हवेत. मीटरने ओपन दाखवलं तर वेटोळं कुठेतरी तुटलंय.

बहुतेक वेळा ते वेटोळ्याच्या आत नसतं, तर खालच्या पट्टीवर, जिथे केसाएवढी तांब्याची तार जाड वायरीला जोडलेली असते तिथे असतं. दमट हवेत ती जागा हिरवी पडते आणि तार कुजते. भिंगाखाली बघा. टोक सापडलं तर त्याचं एनॅमल २००० च्या पेपरने एकदाच हलकेच पुसा आणि डाख द्या. तार ०.०६ मिमीची असते, श्वास जोरात सोडला तरी तुटेल.

पॉट: कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत जाईल असा मारा आणि पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. किराणा दुकानातला तेलकट गंजरोधक फवारा इथे नको, त्यावर धूळ बसून खरखर परत येते. पॉट बदलायचेच झाले तर २५०के लागतात, पण साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा आकडा बहुधा मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ २२०के सहज मिळेल, बिनधास्त वापरा. टोनला ए लिहिलेला म्हणजे लॉग, व्हॉल्यूमला बी चालतो. कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, वर ४७३ छापलेला पॉलिएस्टर. काही रुपयांत येतो, महागड्या ऑडिओ कपॅसिटरच्या नादी लागू नका.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा: जुन्या नॉबचा प्रकार, कारण दात्यांच्या दांड्याचा नॉब सपाट दांड्यावर बसत नाही, आणि कंट्रोल प्लेटचं भोक. छोट्या पॉटचा आटा ७ मिमीचा असतो, मोठ्याचा साडेनऊ. मोठ्या भोकात छोटा पॉट लावायचा तर रुंद वॉशर घ्या.

जोडणीत हमखास चूक होते ती ही: जॅझमध्ये पिकअपची गरम वायर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला येते आणि बाजूच्या पायावरून पुढे जाते. उलटं केलं तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप बंद. पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा डाख द्यायला २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री कमी पडते. पाठ पेपरने खरवडा, ४०-६० वॅट आणि जाड टोक वापरा, तीन-चार सेकंदांत काम उरका. रेंगाळलात तर आतली कार्बनची पट्टी जळते.

जॅक नवाच घ्या. जुन्याची पत्ती वाकवून दोन महिने चालतो, मग ऐन कार्यक्रमात दगा देतो.

मंद्र_सप्तक

दोघांचे आभार. पीळ नाही. जुनी 'ई' मिळाली. चारही तारांवर फट ०.९ मिमी होती, दोन दिवसांत मिळून अर्धा फेरा आवळला, आता ०.३५. तार बाराव्या फ्रेटवर अजून साडेतीन मिमी वर आहे, सॅडल जाम असल्यामुळे खाली येत नाही. ब्रिजचा पिकअप ७.४ किलोओहम, नेकचा ओपन. खालच्या पट्टीवर दोन्ही टोकं शाबूत दिसतात. म्हणजे नवा पिकअप का? आणि स्क्रूच्या भोकाचं काय करू?

सुतारपक्षी

भोक: बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या, फेविकॉल लावून भोकात मावतील तेवढ्या ठोका, वरून कापा, २४ तास हात लावू नका. मग ३ मिमीचं ड्रिल. बिटला किती खोल जायचं तिथे टेप गुंडाळा, नाहीतर बिट फिंगरबोर्डातून बाहेर. स्क्रूला साबण चोळून फिरवा. आणि आटे नेकमध्ये धरले पाहिजेत, बॉडीत नाही. बॉडीच्या भोकातून स्क्रू मोकळा सरकला नाही तर नेक आणि बॉडीत फट राहते, कितीही आवळा.

सॅडल: ब्रिज काढून प्रत्येक स्क्रूवर डिझेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइलचा थेंब, रात्रभर. सकाळी १.५ मिमीची चांगली ॲलन की. न निघणारे ड्रिल करून काढा. हे साधे एम३ ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू असतात, हार्डवेअरमध्ये स्टेनलेसचे ८ आणि १० मिमी लांबीचे मिळतात. व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, गंजाबरोबर मुलामाही जातो.

सॅडल मोकळे झाले की 'जी'ला २ मिमी आणि 'ई'ला अडीच. मग कुठल्या फ्रेटवर खडखडतं ते ऐका. एकाच जागी असेल तर तो फ्रेट वर आलाय. स्टीलच्या पट्टीची सरळ कड सलग तीन फ्रेटवर ठेवा. डुगडुगली तर मधला उंच. आधी प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून बघा, मग घासायचा विचार.

फ्रेटचा गंज काढायला स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप आधी टेपने झाका. लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

डाख_आणि_तार

टोकं शाबूत आणि तरी ओपन, म्हणजे वेटोळ्यात आत तुटलंय. घरी सोडवायच्या फंदात पडू नका, नवा घ्या. मागवण्याआधी लांबी मोजा. फेंडरच्या मापात नेकचा पिकअप सुमारे ९१ मिमी आणि ब्रिजचा ९४ मिमी असतो, पण स्वस्त नकलांत दोन्ही सारखेही निघतात. 'जॅझ पिकअप' एवढंच वाचून घेतलात तर खाचेत बसणार नाही किंवा डुगडुगेल.

दुसरी भानगड ध्रुवांची. होकायंत्र ब्रिजकडच्या चालू पिकअपच्या चुंबकाजवळ न्या, कुठलं टोक ओढलं जातं बघा. नव्याच्या चुंबकाने त्याच बाजूने विरुद्ध टोक ओढायला हवं. बसवल्यावर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले आणि आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला, तर नव्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. चुंबक उलटे असतील तर हम्मिंगही जाईल. चुंबक सारखेच निघाले तर आवाज जाडा होईल, पण दोन्ही उघडले की हम्मिंग राहील. त्यावर स्वस्त उपाय नाही.

ब्रिजखाली ग्राउंडची वायर असते, ब्रिज काढलाच आहे तर ती खरवडून पुन्हा बसवा. नंतरची तपासणी सोपी: तारांना हात लावल्यावर गुरगुर कमी झाली तर ग्राउंड बरोबर. हात लावल्यावर वाढली तर जॅकवर गरम आणि ग्राउंड उलटे लागलेत.

खर्जवाला

फक्त तारांपुरतं बोलतो. डॅडारिओचा ४५-१००चा निकेल सेट दोन हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे पिकअप, पॉट, जॅक यांना दीड हजार उरतात. खुंटीच्या पुढे १०-१२ सेमी सोडून कापा, पण कापायच्या जागेच्या आधी तार काटकोनात वाकवा, नाहीतर वरची गुंडाळी सैल होऊन तार मेल्यासारखी वाजते. दोन-तीन वेढे, वरून खाली.

नवा सेट चढला की ट्रस रॉड पुन्हा मोजा, कारण जुन्या 'ई'चा ताण वेगळा होता. मग इंटोनेशन (नेकभर सूर बरोबर लावणं): बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरलेला येत असेल तर पुढे. सॅडल हलवताना तार सैल करा. चारही झाल्या की 'ई' परत तपासा, ती हमखास हललेली असते.