डचमधे क्रियापद नक्की ठेवायचं तरी कुठे?

सायकलवाली:
मंडळी, नेदरलँड्समधे आइंडहोवनला येऊन आठ महिने झाले, डचचा ए2 चा (म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा) क्लास चालू आहे, शब्द पाठ होतायत पण वाक्य काही जुळत नाही. "इक खा मॉर्खन नार उट्रेख्त" म्हणजे मी उद्या उट्रेख्तला जाते, इथवर ठीक. पण उद्या आधी आणून "मॉर्खन इक खा" म्हटलं की बाई लगेच थांबवतात, "मॉर्खन खा इक" म्हण. बरं, क्रियापद दुसरं. तर कारण सांगायला "ऑमदात" (म्हणजे 'कारण') आला की तेच खा पार शेवटी पळतं, "ऑमदात इक मॉर्खन नार उट्रेख्त खा". का?? (आणि खा म्हणजे जाते, त्यामुळे दरवेळी भूक लागते ते वेगळंच)

मिसळपाव_उट्रेख्त:
अगं उलटं बघ. क्रियापदाची मूळ जागा शेवटीच आहे, आपल्या मराठीसारखी. यान कॉस्टर नावाच्या भाषातज्ज्ञाने 1975 मधे हेच मांडलं होतं. साध्या वाक्यात ते तिथून उठून दुसऱ्या जागेवर येतं, ऑमदात किंवा "दात" (म्हणजे 'की') आला की ती जागा अडते मग बिचारं घरीच बसतं. पुरावा हवा तर ऑपबेलन (फोन करणे) घे. "दात इक ये मॉर्खन ऑपबेल" (की मी तुला उद्या फोन करते) मधे अख्खं शेवटी, पण साध्या वाक्यात "इक बेल ये मॉर्खन ऑप". बेल पुढे गेलं आणि ऑप मागेच राहिलं, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा तो ऑप. म्हणून ऑमदातनंतर सरळ मराठीत विचार कर, इंग्रजीत नको, इंग्रजीच घोळ घालते.

कोल्हापुरी_डच:
+1, फक्त दुसरं म्हणजे दुसरा शब्द नव्हे हां, मी यातच वर्षभर मार खाल्ला. "फोल्खन्द वेक मान्दाख खा इक" मधे पुढच्या आठवड्यातला सोमवार हा सगळा मिळून एकच डबा. "आल्स हेत रेखन्त, ब्लैफ इक ताउस" (पाऊस पडला तर घरीच राहतो) यात तर अख्खं पाऊस पडणं पहिल्या डब्यात, म्हणून दोन क्रियापदं शेजारी शेजारी येतात. एन (आणि), मार (पण), वांत (कारण) हे मात्र मोजायचेच नाहीत. बोलताना अडलं तर मी ऑमदात सोडून वांत मारतो, अर्थ तोच आणि क्रम साधा, "वांत इक बेन झीक" (कारण मी आजारी आहे).

शनिवारपेठी:
वांतची पळवाट ठीक, पण ऑमदातही जमायला हवा. बाकी "ऑमदात इक ब्रोट हेप खकॉख्त" (कारण मी ब्रेड विकत घेतलाय) आणि "खकॉख्त हेप" दोन्ही बरोबर, त्यावर डोकं फोडू नकोस.

सायकलवाली:
रुमाल डोक्यात बसला!! मग बघा: "मॉर्खन कॉम इक नीत, ऑमदात इक झीक बेन". बरोबर ना?

कोल्हापुरी_डच:
एकदम. आता हेच बाईंना पाठव आणि उद्या दांडी मार.